इस्त्री केलेली दोन पानं

धाकटी: आई, तू प्रुफावर इस्त्री फिरवलीस?

आई: घडी पडली होती. कुरिअरवाल्याने दुमडून आणलं. बरोब्बर त्याच्या नाकावरून घडी.

धाकटी: अगं, ती घडी असायचीच असते. मासिक उघडलं की समोरासमोर दोन पानं दिसतात ना, डावं आणि उजवं, तीच ही. एका मोठ्या कागदावर छापून पाठवलीत, आपण बघून हो म्हणायचं. जिथे दुमडलं होतं तिथे मासिकाची पिन येणार.

आई: त्याच्या नाकात पिन येणार?

धाकटी: हो. म्हणजे, सांगते मी त्यांना. फोटो डावीकडे सरकवा म्हणून.

आई: सांग. लहानपणी नाकात खडू घालून घेतला होता, तेवढं पुरे झालं.

धाकटी: आणि हे अभ्र्याला काळं काय लागलंय?

आई: कागदाखाली घेतला होता. इस्त्री जरा जास्त तापली. त्याचा खांदा उतरला वाटतं त्यावर.

धाकटी: आई...

आई: धुतल्यावर जाईल. नाही गेला तर नाही गेला. तू बस. चारच्या आत कळवायचंय म्हणालीस ना? वाच काय लिहिलंय ते. माझा चष्मा सापडत नाहीये.

धाकटी: डोक्यावर आहे तुझ्या.

आई: असू दे तिथेच. तू वाच.

धाकटी: आधी ते बघायचं कसं, ते सांगते. पान उघडलं की डोळा पहिल्यांदा कुठे जातो, मग तिथून कुठे...

आई: खोकल्याच्या औषधाच्या बाटलीसारखं सांगू नकोस मला.

धाकटी: बाटल्यांची लेबलंच करते मी, दुसरं काय येतं मला? ऐक तर. डावं पान सगळं फोटोला दिलंय, नाक तेवढं घडीपर्यंत आलंय. मागे काळं, कपडे काळे, उजेड फक्त चेहऱ्यावर आणि माइकवर. डोळे मिटलेले. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, हा कुठेतरी लांब पोचलाय.

आई: दिवे जायचे डोळ्यांत त्याच्या. म्हणून मिटायचा. डॉक्टरांनी थेंब दिले होते.

धाकटी: ते वाचणाऱ्याला कुठे माहीत असतं?

आई: आणि हा शर्ट आपला नाही.

धाकटी: त्या ड्रमवाल्याचा असेल. एकमेकांचे घालायचे.

आई: खांद्यावर उसवलाय बघ. एवढा पानभर फोटो काढायचा होता, तर सांगायचं. दोन टाके घालून दिले असते.

धाकटी: उसवलेलंच हवं असतं त्यांना. बरं, इकडे उजवं पान. वरचं निम्मं कोरं सोडलंय.

आई: का? लिहायला काही उरलं नाही?

धाकटी: मुद्दाम सोडतात. एवढ्या काळ्या फोटोनंतर डोळ्याला श्वास घ्यायला जागा.

आई: कागद काय स्वस्त झालाय. मी किराणा लिहायला पाकिटं उलटी करते, आणि हे श्वास घेतायत.

धाकटी: हसू नकोस ना.

आई: हसत नाहीये मी. हसलेली दिसले का तुला?

धाकटी: नाही.

आई: मग? पुढे.

धाकटी: पुढे मथळा. पातळ, उंच अक्षरं, लांब लांब टाकलेली. 'वादळ : अर्ध्यावर थांबलेला सूर.'

आई: कोण वादळ?

धाकटी: स्टेजवरचं नाव ना दादाचं.

आई: आमच्या गुंड्याचं? अगं, रात्री पाणी प्यायला उठायचा तर स्वयंपाकघरापर्यंत मला सोबत न्यायचा. वादळ म्हणे!

धाकटी: मोठा झाल्यावर नाही न्यायचा.

आई: मोठा झाल्यावर पाण्याची बाटली उशाशी ठेवायचा. आणि अर्ध्यावर काय थांबलं? कार्यक्रम पुरा झाला होता. लोकांनी परत परत गायला लावलं, तेही गायला. मग जेवला. ड्रमवाला म्हणाला ना आपल्याला, पोटभर जेवला, आणि व्हॅनमध्ये मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन झोपला. पुलावर व्हॅनचं जे झालं ते झोपेत झालं. अर्ध्यावर काहीही राहिलेलं नव्हतं. सगळं आवरून झोपला होता पोरगा.

धाकटी: मथळा असाच लिहितात गं. 'आवरून झोपलेला सूर' असं कोण लिहिणार?

आई: लिहायला काय झालं?

धाकटी: पाणी देऊ तुला?

आई: नको. तू पी. तुझा आवाज बसलाय.

धाकटी: लेखाचं पहिलं अक्षर चार ओळींएवढं उंच केलंय. पहिल्या कॉलमात सगळं असं, 'तो हसतो. केस मागे सारतो. गिटारची पेटी पायाने उघडतो.' जणू आत्ता इथे बसलाय. आणि दुसऱ्या कॉलमात वरच्या ओळीपासून होता. आला होता, म्हणाला होता, गात होता. मधे काहीच सांगितलेलं नाही. कॉलम बदलला की तो होता. हे चांगलं केलंय त्यांनी. मला नसतं सुचलं.

आई: बाबांना नको दाखवूस ते.

धाकटी: आहेत कुठे बाबा?

आई: फिरायला. हल्ली जातात ते जातातच. चपला झिजल्या, नव्या आणूया म्हटलं तर म्हणतात, कशाला, चालतायत अजून.

धाकटी: बरं. मग कॉलममधली जागा जरा कमी आहे, ती वाढवायला सांगू. आणि खालची फोटोखालची ओळ फारच बारीक टाइपात...

आई: हात काढ तिथून.

धाकटी: कुठून?

आई: मघापासून उजव्या पानावर खाली हात पसरून बसलीयस. अक्षरांची जाडी सांगतेयस, उंची सांगतेयस, कोरी जागा सांगतेयस. हाताखाली काय आहे ते काही सांगत नाहीस. कालपण असंच केलंस, कागद दाखवलास आणि लगेच पाकिटात घातलास.

धाकटी: ते काढून टाकायलाच सांगणार आहे मी.

आई: काढ हात.

धाकटी: चष्मा नाहीये तुझ्याकडे.

आई: एवढ्या मोठ्या अक्षरांना चष्मा लागत नाही. काळ्या चौकटीत पांढरी. 'माझ्या घरात माझं गाणं कुणीही ऐकत नाही. मी गातो, आई भांडी घासते.' 'कुणीही' तेवढं लाल.

धाकटी: लेखातलं एक वाक्य उचलून असं मोठं करतात. चाळणाऱ्याने थांबावं म्हणून. बाकी लेख कुणी वाचो न वाचो, हे सगळे वाचणार. आणि डावीकडे तो फोटो, मिटलेल्या डोळ्यांचा. म्हणजे ते बघून इकडे आलं, की एकच अर्थ निघतो. गेला बिचारा, आणि घरच्यांनी...

आई: बोलला होता तो असं. खोटं नाही घातलं त्यांनी.

धाकटी: पण असं नव्हता बोलला! मी इथेच होते. ती मुलाखतवाली त्या खुर्चीत, दादा इथे खाली, पाय पसरून. चेष्टा करत होता तो. आणि तू आतून ओरडलीस...

आई: 'मग भांडी कोण घासणार?'

धाकटी: आणि तो एवढा हसला की त्या बाईला रेकॉर्डर थांबवायला लागला. ते हसणं कुठे गेलं यात? तुझं वाक्य कुठे गेलं? वाक्य तेच आहे, त्याचंच आहे, आणि काळ्यावर पांढरं करून, 'कुणीही' लाल करून, त्यांनी त्याचं पार... मी फोन लावतेय.

आई: लाव. पण आवाज चढवू नकोस. तो पानं लावणारा मुलगा भला आहे, परवा दोनदा सॉरी म्हणाला मला.

(फोन टेबलावर, स्पीकर चालू.)

मांडणीकार: हां ताई, बोला. बघितलं का? घाई करत नाहीये मी, पण चारला फाइल प्रेसला जातेय, म्हणून.

धाकटी: फोटो डावीकडे सरकवा. पिन नाकावर येतेय.

मांडणीकार: अरे देवा. सॉरी. स्क्रीनवर बघताना लक्षात नाही आलं. लगेच सरकवतो.

धाकटी: आणि ते चौकटीतलं वाक्य काढा.

मांडणीकार: काळ्या चौकटीतलं? ताई, अख्खं पान त्याच्यावर उभं आहे. ते काढलं तर खाली भोक पडेल. संपादकांनी स्वतः निवडलंय ते.

धाकटी: संपादकांना विचारा, त्यांची आई हे वाचणार आहे का.

मांडणीकार: मी... कळतंय मला. बदली दुसरं वाक्य देता का? तेवढ्याच लांबीचं मिळालं तर मी बोलून बघतो त्यांच्याशी.

आई: हॅलो. मी त्याची आई.

मांडणीकार: नमस्कार काकू. सॉरी काकू.

आई: तुम्ही सारखं सॉरी म्हणू नका. जेवलात का?

मांडणीकार: अं, नाही अजून. हे गेलं की जेवेन.

आई: ते वाक्य राहू द्या.

धाकटी: आई!

आई: थांब गं. त्याचं वाक्य आहे, राहू द्या. फक्त त्यापुढचं माझं होतं, तेही घ्या. 'मग भांडी कोण घासणार?' तुमच्याकडे असेल बघा ते.

मांडणीकार: एक मिनिट हं. मूळ मजकूर उघडतो. हो, आहे काकू. इथे कंसात 'आतून आवाज' असं लिहिलंय. आणि पुढे 'दोघं खूप हसतात.' जागेसाठी गाळलं असणार.

आई: वर एवढी जागा कोरी आहे की तुमची.

मांडणीकार: तो व्हाइट स्पेस आहे काकू, तो मुद्दाम...

आई: माहितीये. श्वास घ्यायला. घेऊ द्या त्यांना श्वास. माझं चौकटीच्या बाहेर टाका, अगदी बारीक. उजव्या कडेला, कोपऱ्यात. मी काही समोर नव्हते बसले.

मांडणीकार: बसेल. लाल घालू?

आई: लाल कशाला? साधं. आणि ते दुसरं लालपण काढा, त्याने काही बोट नाचवून नव्हतं म्हटलं.

मांडणीकार: काढतो. खाली नाव काय देऊ तुमचं?

आई: नाव नको. 'स्वयंपाकघरातून' एवढंच.

मांडणीकार: 'स्वयंपाकघरातून.' छान दिसेल काकू. म्हणजे, छान म्हणजे...

आई: कळलं. जेवून घ्या.

मांडणीकार: हो. ठेवतो.

धाकटी: का असं केलंस? मी काढायला लावलं असतं. मी भांडले असते.

आई: भोक पडलं असतं म्हणाला तो.

धाकटी: पडू दे! आता सगळं जग वाचणार, की या घरात याला कुणी ऐकलं नाही. आणि आई, मी तर खरंच नाही ऐकलं. तो रियाजाला बसला की मी कानात इअरफोन घालायचे. दुसऱ्यांची गाणी ऐकत बसायचे मी, भिंतीपलीकडे हा. माझं नाव घातलं असतं त्याने तर चाललं असतं. तुझं घातलं.

आई: तुझी परीक्षा होती.

धाकटी: दर वर्षी नव्हती.

आई: इकडे ये. केसात दोरा अडकलाय तुझ्या.

धाकटी: राहू दे तो. तुला काहीच वाटत नाही का? मला पण नाही वाटत. मी तीन वेळा हे पान बघितलं आणि मला फक्त कॉलममधली जागा दिसते.

आई: दिसू दे. जे दिसतं ते बघावं. मी आज सगळे अभ्रे काढून इस्त्री केले. धुतलेले, घडी घातलेले होते कपाटात.

धाकटी: तू खरंच तेव्हा भांडी घासत असायचीस?

आई: आपल्या चौघांची भांडी ती किती असणार? पाच मिनिटांत व्हायची.

धाकटी: मग? तो गायचा तेव्हा तर आतून सारखा आवाज यायचा. ताटल्यांचा, वाट्यांचा. बाबा चिडायचे, एवढा वेळ काय घासतेस म्हणून.

आई: एक वाटी होती. तीच उचलायची, तीच ठेवायची.

धाकटी: कशाला?

आई: त्याचं कसं होतं, आपल्याला कुणी ऐकतंय असं वाटलं की गळा धरायचा त्याचा. पाहुण्यांपुढे कधी ओळ पुरी केली का त्याने? स्टेजवर जमलं नंतर, तिथे दिव्यांपलीकडचं दिसत नाही म्हणून. घरात नाही जमायचं. एकदा मी नुसती उंबऱ्याशी येऊन उभी राहिले, तर गाणंच बंद. मग म्हटलं, ठीक आहे, आपण भांडी घासतोय. नळ सोडला की त्याचं ऐकू यायचं नाही. म्हणून नळ बंद ठेवायचा, आणि मधून मधून वाटी आपटायची.

धाकटी: रोज?

आई: रोज. फार हळू आपटली तर त्याला संशय यायचा. फार जोरात आपटली तर वरचा सूर चुकायचा माझा. म्हणजे ऐकायचा.

धाकटी: आणि त्याला वाटत राहिलं की कुणी ऐकत नाही.

आई: म्हणून तर गायचा.

धाकटी: आई, अजून चार वाजले नाहीत. मी परत फोन लावते. हे सांगूया त्या मुलाला. त्या वाक्याच्या जागी हे छापू दे. लोकांना कळू दे तरी.

आई: नको गं. त्याला कळलं, तर गायचं थांबवेल तो.