छतावरच्या पाच ओळी

लेक : प्रोजेक्टर तीन, रिमोट दोन, वायरी पाच, त्यातली एक मुडपलेली. आरसा एक. आणि चौथं खोकं रिकामं आहे, काका.

दुकानदार : रिकामं नाही हो ताई, त्यात माझा डबा आहे. जेवण राहिलंय माझं. आधी जरा टेकू द्या. लिफ्ट बंद आहे हे फोनवर बोलला नव्हतात तुम्ही.

लेक : तुम्ही विचारलं नव्हतं.

आई : अगं, पाणी दे त्यांना. आल्या आल्या मोजणी कसली करतेस?

दुकानदार : नमस्कार काकू. उठू नका, उठू नका.

आई : उठणार कशी? सहा आठवडे उठायचं नाही म्हणून तर तुम्हाला बोलावलंय.

दुकानदार : चुकलं. सवयीनं निघून गेलं तोंडातून. मणका म्हणालात ना?

लेक : मानेचा. बाथरूममध्ये घसरली. आज अकरावा दिवस. पाठीवर सपाट, गळ्यात पट्टा, मान वळू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. तिला फक्त छत दिसतं. म्हणून चित्र छतावर हवंय.

आई : छत आणि पंखा. तीन पाती आहेत त्याला. मधलं जरा वाकडं आहे.

दुकानदार : टीव्हीच टांगायचा ना मग वर.

लेक : भाड्याचं घर आहे. छताला भोक पाडायचं नाही म्हणाले मालक. दोनदा विचारून झालं.

दुकानदार : मालक सगळीकडचे सारखेच. बरं, बघणार कधी? रात्री?

लेक : दिवसा. अकरा ते तीन. म्हणून तर तुम्हाला दुपारी बोलावलं. उजेड आत्ता असतो तेवढाच असणार. सोमवारपासून मी प्रयोगशाळेत रुजू होतेय. आईचं करायला बाई येतात त्या अकराला जातात, दादा तीनला येतो. मधले चार तास ही एकटी. शेजारच्या वहिनी एकदा डोकावतील, फोन हाताशी असेल. पण चार तास नुसतं छताकडे बघत पडायचं म्हणजे...

आई : पडेन की. मला दुसरं काम काय आहे?

लेक : शनिवारी दादा अर्धा तास खाली गेला, तर तू रडत होतीस.

आई : डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

लेक : दोन्ही डोळ्यांत?

आई : बघितलंत ना, कशी उलटतपासणी चालते ते. भाऊ, तुम्ही लावा तुमचं यंत्र. हिला सोमवारी जाऊ दे. दोनदा तारीख पुढे ढकलून घेतलीय, तिसऱ्यांदा कोण थांबणार हिच्यासाठी?

दुकानदार : लावतो. बजेट तेवढं सांगा, म्हणजे उगाच स्वप्नं दाखवायला नकोत.

लेक : पंधरा हजार. फार ताणलं तर अठरा. आईच्या डोळ्यांपासून छत दोनशे अठरा सेंटिमीटर. पंखा सोडून मोकळी जागा एकशे सत्तर रुंद, शंभर उंच. त्यासाठी पलंग चाळीस सेंटिमीटर सरकवला.

दुकानदार : माझ्या पंचवीस वर्षांत पलंग सरकवून ठेवणारं गिऱ्हाईक पहिलंच. आता हा पहिला. एका क्लासमधून निघालेला, दिव्याचा. उजेड भरपूर. पण याला उभा करता येत नाही, दिवा तापून जातो. म्हणून आडवा ठेवायचा आणि पुढे आरसा.

लेक : दिवा किती तास जळलाय?

दुकानदार : अठराशे. चार हजार तासांना बदलायचा. हे बघा, यंत्रातच नोंद आहे, माझ्या तोंडावर जाऊ नका.

लेक : मी तपासायला एक कागद बनवलाय, लॅपटॉपवर आहे. पाच ओळी, प्रत्येक ओळीत पाच आकडे. वरून खाली आकडे लहान होत जातात. आई, कुठली ओळ शेवटची दिसते ते सांगायचं.

आई : आधी तू वाच ना एकदा. म्हणजे मला कळेल कसं वाचायचं ते. मी मनातल्या मनात ताडून बघते.

लेक : बरं. आरसा थोडा डावीकडे घ्या, काका. हं. आता धरा. तीन आठ एक सात सहा. पाच शून्य दोन नऊ चार. सात सात एक तीन शून्य. आठ चार सहा दोन पाच. शेवटची... एक नऊ तीन... आठ सहा. दिसली का?

आई : अगदी. शेवटच्यापर्यंत.

लेक : छान. आतल्या पंख्याचा आवाज मात्र मोठा आहे याच्या.

दुकानदार : घोंघावतो, खरंय. क्लासमधल्या पोरांना झोप लागायची म्हणे. आता दुसरा. नवा कोरा, सर्वांत स्वस्त. उभा ठेवला तरी चालतो, आरसा नको काही नको.

लेक : डब्यावर उजेड नऊ हजार ल्युमेन लिहिलाय. एवढासा डबा आणि नऊ हजार?

दुकानदार : डब्यावरचा आकडा म्हणजे प्लंबरचं ‘पाच मिनिटांत पोचतो’. खरे दोनशे धरा.

लेक : दोनशे म्हणजे दुपारी अगदीच फिकं दिसणार. पडदे ओढते. आई, वाच.

आई : तीन आठ एक सात सहा. पाच शून्य दोन नऊ चार. सात सात एक तीन शून्य. आठ चार सहा दोन पाच. एक नऊ तीन आठ सहा.

लेक : पाचवीसुद्धा?

आई : पाचवीसुद्धा.

लेक : मला तर इथून चौथीच धुरकट दिसतेय. अर्थात मी तिरपी बघतेय, तू बरोबर खाली आहेस. फरक पडत असेल तेवढा. लिहून ठेवते.

दुकानदार : ताई, तुम्ही बसा जरा. उभ्या उभ्या डुलताय.

लेक : दहा रात्री खाली जमिनीवर झोपतेय. झोपतेय म्हणजे आडवी होतेय.

दुकानदार : आमच्या आईच्या वेळी मी चार महिने काढले असे. पाचव्या महिन्यात दुकानात उभ्यानं झोपलो होतो, गिऱ्हाईकासमोर. त्यानं माझ्याकडून दोन स्पीकर जास्तीचे घेतले. दया आली असेल बिचाऱ्याला.

आई : भाऊ, हसवू नका. पट्टा टोचतो.

दुकानदार : चुकलं. आता हा तिसरा. एका ऑफिसातून आलाय, वापरलेला, पण चित्र आरशासारखं. दिवा नाही, एलईडी आहे, वीस हजार तास चिंता नाही. उभाही राहतो. तुमच्या अठरात बसवतो, मग मला चहा तेवढा पाजा.

लेक : हाच घ्यायचा माझ्या मनात आहे. मी वाचलंय याच्याबद्दल. फक्त दुसऱ्यापेक्षा खरंच स्पष्ट दिसतो का, तेवढं बघायचंय. लावा तुम्ही, मी तोवर दुसऱ्याचे आकडे टिपून घेते. लागला?

दुकानदार : सुरू केलाय. वायर जोडतोय.

लेक : आई, वाच.

आई : हा जरा निळसर आहे गं. पण स्पष्ट आहे. तीन आठ एक सात सहा. पाच शून्य दोन नऊ चार...

दुकानदार : ताई.

आई : ...सात सात एक तीन शून्य...

लेक : थांबा काका, तिचं होऊ दे.

आई : ...आठ चार सहा दोन पाच. एक नऊ तीन आठ सहा. हाच घे. हा छान आहे.

दुकानदार : ताई, जरा वर बघता का? मी ती मुडपलेली वायर लावली चुकून. लॅपटॉपचं काही पोचलंच नाही. निळा चौकोन आहे नुसता.

(लेक छताकडे बघते, मग आईकडे.)

लेक : आई, तुझा चष्मा कुठे आहे?

आई : खिडकीत असेल.

लेक : कधीपासून?

आई : पहिल्या दिवसापासून. या पिशव्यांमध्ये त्याच्या काड्या मावत नाहीत गं. कानांवर दाबतात. नाहीतर वर सरकतो आणि कपाळावर जाऊन बसतो.

लेक : म्हणजे तुला यातलं काहीच दिसलं नाही.

आई : उजेड दिसला. निळा रंगही दिसला की.

दुकानदार : आणि पंचवीस आकडे एकदा ऐकून पाठ? काकू, धन्य आहे तुमची.

आई : पंचवीस आकडे कसले, पाच नंबर. बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते मी. एकदा ऐकलेला नंबर परत विचारला तर साहेब ओरडायचे.

लेक : मी आठवडाभर रात्री जागून प्रोजेक्टरबद्दल वाचतेय. दादाशी भांडले, हा का तो म्हणून. तू ऐकत होतीस सगळं. एकदा म्हणायचं होतंस, मला दिसत नाही म्हणून.

आई : म्हटलं असतं तर तू सोमवारी गेली असतीस?

लेक : तो प्रश्न नाहीये.

आई : तोच आहे. मला आवाज पुरतो. यंत्र चालू राहिलं असतं, मी ऐकत पडले असते. बत्तीस वर्षं माणसं काय डोळ्यांनी बघत होते का मी?

लेक : आणि फोन? तो हाताशी ठेवणार होतो. चार तासांत काही झालं असतं, तर फोन कसा लावला असतास?

आई : नसता लावला.

लेक : काका, बंद करा तो प्रोजेक्टर.

दुकानदार : केला.

लेक : मी रोज सकाळ-संध्याकाळ वहीत लिहितेय, दुखणं दहापैकी दोन. डॉक्टर ते बघून गोळ्या ठरवतात. आई, खरं किती आहे?

आई : आता त्यांच्यासमोर काय हे...

लेक : किती?

आई : सहा. रात्री सात.

दुकानदार : ताई, मी बाहेर थांबू का?

लेक : नको, बसा. तुमचं जेवण राहिलंय. मीच प्रयोगशाळेत फोन करून सांगते, सोमवारी जमणार नाही म्हणून.

आई : तसं करू नकोस. ऐक. तसं करू नकोस गं.

लेक : मग कशाच्या भरवशावर जाऊ? तू हो म्हणतेस, छान म्हणतेस, दोन म्हणतेस. मी तेच आकडे लिहून घेते आणि मला वाटतं मी काहीतरी मोजतेय.

दुकानदार : मध्ये बोललो तर रागवू नका. जवळचं दिसतं का यांना? चष्मा जवळचा नाही ना?

लेक : लांबचा. उणे नंबरचा. जवळचं दिसायला हवं.

दुकानदार : मग छत सोडा. गाडीत पुढच्या सीटच्या पाठीला लावतात ना, मागच्या पोरांसाठी, तसला छोटा पडदा माझ्याकडे पडून आहे. सात इंची. चार हजारांत देतो, वाकवता येणारा दांडा धरून. दांडा पलंगाच्या कडेला आवळायचा, पडदा तोंडासमोर. बाजूला फोन अडकवायलाही जागा आहे. फक्त किती अंतरावर दिसतं ते कळायला हवं. दांडा फार जवळ आणला तर तो लोंबतो. वीस सेंटिमीटरच्या आत मी लावणार नाही, नाकावर पडायचा.

लेक : चष्म्याच्या नंबरावरून हिशेब येतो, पण तो नंबर सहा वर्षांपूर्वीचा आहे.

दुकानदार : टेप आहे माझ्याकडे. मोजू.

आई : मोजा. मोज बाई.

लेक : एक मिनिट. आधी ठरवू. वीसच्या पलीकडे आकडे वाचता आले, तर मी सोमवारी जाते. नाही आले, तर आत्ता फोन करते. आणि काका, माझ्या फोनवर आकडे तुम्ही टाका, मला दाखवू नका, बोलू नका. दर वेळी वेगळे.

आई : आईवर एवढा अविश्वास?

लेक : हो.

आई : बरं.

दुकानदार : टाकले. पाच आकडे. टेप मी धरतो डोळ्यापाशी, फोन तुम्ही धरा. पन्नास.

आई : पहिला तीन... किंवा आठ.

लेक : अंदाज नको. दिसत नसेल तर तसं सांग.

आई : तीनच असावा.

लेक : सांग, आई. अवघड नाही.

आई : तुला काय माहीत, किती अवघड आहे ते. दिसत नाही.

लेक : चाळीस. काका, बदलले?

दुकानदार : बदलले.

आई : दिसत नाही.

लेक : तीस.

आई : काळं काहीतरी आहे. आकडे नाहीत. दिसत नाही.

लेक : थांबा. कोपर उशीवर टेकवते. पंचवीस.

आई : सात. दोन. मधला नाही कळत. मग... नाही. दोनच कळले.

दुकानदार : दोन बरोबर आहेत.

लेक : बावीस.

आई : घाई करू नकोस. नऊ. शून्य. चार. चार. एक.

लेक : काका?

दुकानदार : बरोबर. पाचही.

लेक : दुसरे टाका. अंतर तेच ठेवा.

आई : सहा, दोन, दोन, आठ, पाच.

दुकानदार : बरोबर.

लेक : अजून एकदा.

आई : शून्य, तीन, सात, एक, नऊ. तुझे डोळे का वाहताहेत? इतक्या जवळून दिसतं हं मला.

लेक : काका, बघा ना.

दुकानदार : बरोबर आहेत, ताई. लिहा.

लेक : लिहिते. चष्म्याशिवाय, बावीस सेंटिमीटर. तीन वेळा. पंधरापैकी पंधरा.