बिनडोळ्याच्या कोळ्याचं चित्र

...अन् वरून मलेच विचारतात, ‘मास्तर, चित्रात डोळे काहून काढले?’ आता कोणाले सांगू मी! तुमाले सांगतो, अमरावतीच्या हायस्कुलात मी ड्राइंग मास्तर, तोही टेम्परवारी. अकोल्याची नोकरी अशीच गेली, आता हीही गेली तं बायकोले, गोदावरीले, तोंड कसं दाखवू? अन् आमचे सायन्स मास्तर कमलाकांतराव, मूळचे पुण्याकडचे, ते चिखलदऱ्याकडच्या एका गुहेत उतरले काय, अन् स्पिरिटच्या बाटलीत एक फिक्कट कोळी घालून आले काय! ‘मास्तर, याचं चित्र कलकत्त्याला, प्राणिशास्त्राच्या सरकारी कचेरीत जायचंय. केसन् केस बरोबर आला, तर हेडमास्तरांना सांगून तुम्हाला कायम करवतो. चुकला, तर...’ अन् थांबले! ‘तर’ म्हणून थांबणाऱ्या माणसाची धास्ती वाटते का नाही?

भिंगातून पाह्यलं. आठ पाय, ठीक. मधात बारीक कंबर, ठीक. तोंडापाशी दाढा, मागे सूत काढायच्या बोंड्या, सगळं जिथल्या तिथं... पण डोळेच नाहीत हो त्याले! म्हटलं, स्पिरिटात पुसले गेले असतील. तं कमलाकांतराव म्हणतात, ‘छे छे! पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहून डोळेच गेले! कोळ्यांचं कूळ पाहताना आधी डोळे मोजतात, कुणाला आठ, कुणाला सहा. याचं आता दाढा कशा उघडतात, पोटाखाली श्वासाच्या फटी किती, नख्या दोन की तीन, यावरूनच ठरवायचं. चित्र चोख हवं!’ घरी गोदावरीले सांगितलं तं ते म्हणते, ‘कुळाचा पत्ता नाई, डोळे नाईत, अशा स्थळाले आमच्या माहेरी चहाबी पाजत नाई!’

पण खरी गोठ पुढंच आहे. आमचं घराणं महालक्ष्म्यांचे मुखवटे रंगवणारं. सगळा रंग झाला की शेवटी डोळे, अन् डोळ्यांशिवाय मुखवटा उंबऱ्याबाहेर काढायचा नाही, म्हणजे नाही! बापानं हेच शिकवलं. इकडे चित्र झालं, शाई वाळली, कागद उचलला, अन् उंबऱ्याशी पाय अडला. डोळेच नाहीत हो त्याले! परत बसलो... अन् हात गेला की, बाप्पा! असे डोळे उतरले, लांबट, काजळ घातलेले, पापण्यांसकट!

कमलाकांतराव पांढरेफटक! ‘मास्तर, डोळे? आत्ताच्या आत्ता खरवडा, संध्याकाळच्या टपालात टाकायचंय!’ अन् ब्लेड दिलं हातात. उघडलेले डोळे आमच्यात खरवडत नाहीत, भाऊ! इकडे नोकरी, तिकडे वाडवडील, मधात ते ब्लेड, अन् तो कोळी टकटक पाहून राहिला माह्याकडे! शेवटी म्हटलं, ‘खरवडायचं जमणार नाही साहेब, दुसरा कागद द्या. अन् तोंडापाशी आलो की माह्या हाताले धरा, नाहीतं पुन्हा जाईन.’ धरलं! पुण्याचं सायन्स मनगटाले लटकलं, अन् मी घामाघूम, मनात एकच घोकून राहिलो... डोळेच नाहीत त्याले, डोळेच नाहीत त्याले!

गेलं चित्र. पुढच्या हप्त्यात कमलाकांतराव धावत आले, ‘मास्तर, कायम झालात! हेडमास्तरांनी सही केली!’ खरं सांगतो, रडू फुटलं मले. रुमालानं तोंड पुसलं अन् पाहतो तं काय, टेबलावर बाटल्याच बाटल्या! ‘त्याच गुहेतले आहेत. गोम, झुरळ, विंचू... आता वर्षानुवर्षं काम आहे तुम्हाला!’

भिंगाले हातच लावला नाही मी. नुसतं विचारलं, ‘डोळे?’

‘एकालाही नाहीत!’

काय करता? बाही वर सारली अन् मनगट पुढं केलं. म्हटलं, ‘धरा.’