आमच्या घरचं जनावर

नाही, पण मला सांगा, साठी उलटलेल्या माणसाला त्याच्याच जेवणाच्या टेबलावर चार पायांवर उभं करायचं, हे शोभतं का? आणि कोण करतंय, तर पोटची पोर! चैत्राली आमची, तेव्हा इथेच कोलकात्यात गुरांची डॉक्टर व्हायला शिकत होती, तोंडी परीक्षा डोक्यावर आलेली, आणि बेहालाच्या दोन खोल्यांत गाय कुठून आणायची? म्हणून मी! ओठ वर करून हिरड्या बघते, मानेचं कातडं चिमटीत ओढते, पोटाला कान लावते... थर्मामीटर मागून लावायचा असतो म्हणाली, तेव्हा मात्र, तुम्हाला सांगतो, मी लाथ झाडली! गुडघा दुखतोय म्हटलं, तर हीच ओरडते, "बाबा, गप्प ना! जनावर बोलत नसतं!"

समोरच्या बोउदी, म्हणजे आपल्या वहिनी हो, खिडकीतून, "दादा, की होलो? पोडे गेलेन?" पडलो का म्हणून विचारतायत! मी काय सांगणार? जनावर बोलत नसतं!

पण खरं सांगू? बरं वाटायचं हो. बायको, सुहासिनी, गेल्यापासून माझ्या कपाळाला हात लावलाय कुणी? पोरगी सकाळी जायची ती दिवे लागल्यावर यायची, मधे मी आणि पंखा.

मग आली मालकाची पाळी. म्हणजे दुखणं जनावराला विचारत नाहीत, मालकाला विचारतात. आमची मालकीण भिंतीवर, फोटोत... मग आईची उत्तरंही पोरगीच द्यायला लागली. "खातं का?" "अर्धवट टाकतं." "आणखी?" "संध्याकाळ झाली की दाराशी जाऊन बसतं." मी मनात म्हटलं, कळलं हिला! आणि डॉक्टरीणबाई काय म्हणतात? "दातांची तक्रार!"

अगं, दात कसले! तू येतेस ना त्या दारातून! ओठांपर्यंत आलं होतं... पण जनावर बोलत नसतं! दुसऱ्याच दिवशी बालीगंजला नेऊन दाढ काढवली माझी. चांगली दाढ! पण टॅक्सीत सगळा वेळ हात धरून बसली होती, म्हणून काढू दिली.

पास झाली. आता शिकाऊ डॉक्टर म्हणून पुरुलियाला, गावोगाव गुरं तपासते. काल फोन आला, मागे गाय हंबरतेय, "बाबा, पटकन सांग, जेवतोस ना नीट?"

म्हटलं, "जेवतो गं, पण ती... शेजारची दाढ..."

"अरे देवा! थांब, रविवारी येते, नेते तुला!"

फोन ठेवला आणि जिभेनं एकेक दात चाचपून पाहिला... अजून बरेच रविवार शिल्लक आहेत.