गोलाहुनची शून्य घरे

आजच्या सभेच्या अध्यक्षा, आपल्या प्रदेशाच्या प्रमुख मादाम जेनेबा, मंचावरील इमामसाहेब, पाद्रीसाहेब, गोलाहुन गावाहून चालत आलेली वडीलधारी मंडळी आणि भाताचा वास येऊ लागल्यापासून चुळबुळणारे माझे सहकारी, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

श्री. लान्साना वांडी आज निवृत्त होत आहेत. ते वक्तशीर आहेत, मितभाषी आहेत, असं आधीचे वक्ते म्हणाले. मितभाषी? माझ्यावर ओरडताना तरी मला तसं कधी जाणवलं नाही. पण एका गोष्टीबद्दल ते गप्प राहिले, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

आपसातली लढाई संपली त्या वर्षी आम्ही दोघं जळालेल्या गावांची पाहणी करत होतो. गाव मदतीच्या यादीत आलं तरच छपराचे पत्रे आणि पेरणीचं भात मिळणार. भिंत उभी दिसेल तेच घर धरायचं, असा नियम. गोलाहुनच्या दिवशी वांडीसाहेब तापानं फणफणले होते, म्हणून मी एकटी गेले. सगळीकडे रान माजलेलं, भिंत एकही नाही. तिथं येमा आजी भेटल्या.

"आजी, गाव कुठंय?"

"गावातच उभी आहेस की, पोरी."

मला वाटलं, म्हातारीला भ्रम झालाय. मी कागदावर लिहिलं, घरे शून्य. मी फ्रीटाऊनची, सिमेंटच्या घरात वाढलेली. छप्पर जळालं की मातीची भिंत दोन-तीन पावसाळ्यांत विरघळून जाते, हे मला कुठं ठाऊक? आणि जिला ठाऊक होतं, तिला मी वेड्यात काढलं.

बरे झाल्यावर वांडीसाहेब स्वतः गेले. बाळाची नाळ घरामागं पुरून तिच्यावर लावलेली कोलाफळाची झाडं आजींनी त्यांना एकेक करून दाखवली. "हे माझ्या ब्रिमाचं. त्याच्या बायकोचं शोधू नका, ती परगावची." झाडांवरून एक्केचाळीस घरं भरली. पण तोवर यादी बंद झाली होती आणि पेरणीची वेळ टळली होती. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये गोलाहुननं उपासमारीनं गेलेली नऊ माणसं पुरली. आजींची दोन नातवंडं त्यात होती.

चौकशीत विचारलं गेलं, शून्य कुणी लिहिलं? वांडीसाहेब म्हणाले, "मी." त्यांची बढती गेली ती गेलीच. बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाले, "तुला अजून पुष्कळ गावं बघायचीत. नीट बघ." मी मान डोलावली. तोंड उघडायची हिंमत तेव्हाही झाली नाही आणि पुढं अकरा वर्षं झाली नाही.

साहेब, तुमचे आभार मानायचा मला हक्क नाही, तरी मानते.

बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर शेवटी सभेची क्षमा मागायची रीत आहे. सभेनं मला आज त्यातून मोकळं करावं. येमा आजी तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. पोरीनं गाव पाहिलं आणि साहेबानं बुडवलं, असं त्या समजतात. दरवर्षी मानाचं कोलाफळ मला पाठवतात, वांडीसाहेबांना कधीच नाही.

आजी, ते शून्य मी लिहिलं.