लिफ्टकाकांनी तपासलेला खेळ

...आणि वर तुम्ही मलाच विचारता, की एवढा मोठा माणूस एका व्हिडिओ गेमला का घाबरला. अहो, घाबरेल नाही तर काय करेल? तुम्हाला सांगतो, ज्या माणसाने बत्तीस वर्षं लिफ्टच्या खाली खड्ड्यात उतरून, डोक्यावर आख्खा डबा लटकत असताना बॅटरीच्या उजेडात दोर तपासले आणि कपाळावर घामाचा थेंब येऊ दिला नाही, ते आमच्या वरच्या मजल्यावरचे लिफ्टकाका त्या रविवारी सकाळी नऊ वाजता स्वतःच्याच सोफ्यावर असे बसले होते, जसं काही दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागलाय. कारण समोर लॅपटॉप, हातात ते बटणांचं कंट्रोलर, आणि मागे खुर्चीवर पोटची पोर. दीड वर्षानंतर घरात आलेली.

दीड वर्ष का, तर ऐका. पोरीची चांगली नोकरी होती, ती तिने सोडली. म्हणाली, मी गेम बनवणार. जादूचा, लढायांचा, पण हसतखेळत जाईल असा. आता बाप म्हणून माणसाने काय विचारावं? निदान जेवलीस का एवढं तरी विचारावं. काकांनी विचारलं, "यात धोके किती आहेत, मोजलेस का?" झालं. पोरीने बॅग भरली, भाड्याची खोली घेतली, आणि तेव्हापासून फोन फक्त आईला. आई बोलायची आणि काका शेजारी पेपर धरून बसायचे. पान मात्र उलटायचे नाहीत, कारण उलटलं तर आवाज होतो आणि पलीकडचं ऐकू येत नाही.

तर ती पोर त्या दिवशी आली आणि चप्पल काढायच्या आत म्हणाली, "बाबा, ज्या कंपनीला हा विकायचाय तिला आज पाचच्या आत पाठवायचाय. नाही जमलं तर पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षापर्यंत मी थांबू शकत नाही, जुनं ऑफिस परत बोलावतंय, त्यांना सोमवारी उत्तर द्यायचंय. मित्र सगळे म्हणतात छान आहे. मला छान नकोय. तुम्ही लिफ्ट तपासून कागद लिहिता तसा लिहा. चांगलं काय, वाईट काय. गोड बोलायचं नाही."

आता बघा, केवढी पंचाईत. वाईट लिहिलं तर पोर पुन्हा दीड वर्ष गेली. गोड लिहिलं तर ती ओळखणार, कारण बापाला गोड बोलता येत नाही हे तिला दूध प्यायच्या वयापासून ठाऊक. खोटं बोलायचं तरी कसं, आणि खरं बोलायचं तरी कसं?

काकांनी चष्मा पुसला आणि खेळायला घेतलं. गोष्ट अशी, की एका ड्रॅगनला उचकी लागलीय. दर उचकीला तोंडातून जाळ, आणि दर जाळाला एक शेत खलास. एका जादूगाराकडे शिकणारी, चार वेळा नापास झालेली मुलगी त्याच्यासाठी औषध आणायला निघते, सोबत एक बोलकी शेळी. मुलगी दिवा लावायचा मंत्र म्हणते आणि छत्री उघडते. रानात उशा दबा धरून बसलेल्या असतात, त्या अंगावर येतात. पहिल्याच उशीने काकांना लोळवलं. शेळी म्हणाली, "पडलात? पडा, पडा, जमीन काही भाड्याची नाही."

काकांच्या नाकातून हसू आलं. लगेच त्यांनी ते खोकल्यात घातलं, कारण तपासनीस हसत नाही. पण मागची खुर्ची करकरली. पोरीने ऐकलं होतं.

आणि तुम्हाला सांगतो, खेळ चांगला होता हो. उशीला हरवलं की ती धुळीत पडून राहत नाही, उठते, अंग झटकते आणि म्हणते, "बरं, येते मी." कुणी मरतच नाही. बाजारात म्हातारी जादूच्या छड्या विकते आणि प्रत्येक छडीची तब्येत सांगते, "ही थंडीत जरा कुरकुरते." काकांना ती म्हातारी इतकी आवडली की तिच्याशी ते तीन वेळा बोलून आले, काही घ्यायचं नसताना. पण दोष? दोषही होते. पिशवीत मावतात आठच वस्तू आणि वाटेत जो भेटेल तो काहीतरी गळ्यात मारतो. नकाशात नदी डावीकडे, गेलं की उजवीकडे. लढाया सुरुवातीला मजेच्या, मग लांबतच जातात, पाहुणा दारात उभा राहून गप्पा मारतो तशा. आणि ती शेळी. तेच वाक्य. पहिल्यांदा हसू आलं, दहाव्यांदा नाही आलं, चाळिसाव्यांदा काकांनी कंट्रोलर मांडीवर ठेवलं आणि कागदावर लिहिलं. बारा वाजता कागदावर चौदा दोष झाले. पोरीला कागद दिसत नव्हता, पेन चाललेलं मात्र ऐकू येत होतं. दर वेळी पेन टेकलं की खुर्ची करकरायची. खोटं बोलायचं तरी कसं, आणि खरं बोलायचं तरी कसं?

काकू दारात आल्या. "ताटं वाढू का?" कुणी पडद्यावरून मान वळवली नाही. अर्ध्या तासाने आल्या, "गार होतंय." नाहीच. शेवटी त्या एकट्या जेवल्या आणि त्यांनी भांडी जरा जोरातच आपटली.

तीन वाजून दहा मिनिटांनी काका एका मनोऱ्यापाशी पोचले. अकरा मजले, वर ड्रॅगनचा वैद्य, आणि वर जायला काय असावं? लिफ्ट. काका ताठ बसले. आत गेले, बटण दाबलं, डबा निघाला, आणि पाचव्या-सहाव्या मजल्याच्या मधे त्यांनी, सवयच ती, दार उघडायचं बटण दाबलं.

दार उघडलं.

मुलगी बाहेर पडली, शेळी बाहेर पडली, आणि दोघी खाली, खाली, मग नुसता काळा पडदा. पुन्हा सुरू केलं तर सकाळपासूनचा खेळ साफ पुसलेला. सहा तासांची म्हातारी नाही, छडी नाही, काही नाही.

पोर उठून उभी राहिली. "बाबा, चालत्या लिफ्टमध्ये दार कोण उघडतं?"

"सगळे," काका म्हणाले. "बत्तीस वर्षं बघतोय. पाटी लावली तरी उघडतात. पाटी लावली की जास्तच."

"हे दुरुस्त करायला मला दोन दिवस लागतील." ती खाली फरशीवरच बसली. "जाऊ दे. सोमवारी ऑफिसला हो म्हणते."

आता इथे एखाद्या बापाने पाठीवरून हात फिरवला असता. काकांना ते जमत नाही. ते म्हणाले, "लिफ्टमध्ये दोष निघाला तर मी इमारत पाडत नाही. लिफ्ट बंद करतो. लोक जिन्याने जातात."

"जिनाच नाहीये, बाबा."

"मग बांध. पावणेदोन तास आहेत."

आणि पोरीने जिना बांधला. एक मजला केला, त्याच्या दहा नकला केल्या. काका शेजारी बसून प्रत्येक पायरीवर खेळातल्या मुलीला चढवत होते, "तिसऱ्या मजल्यावर भिंतीतून पाय जातोय. सातव्यावर कठडा नाही." दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही, बघायला वेळच नव्हता. लिफ्टच्या दाराला कुलूप घातलं. पाच वाजायला चार मिनिटं असताना तिने पाठवायचं बटण दाबलं आणि मग दोन मिनिटं ती पट्टी हळूहळू भरत गेली. गेलं.

मग तिने हात पुढे केला. "कागद."

काकांनी दिला. वाईट या रकान्यात तेवीस नोंदी, क्रमांक घालून. ती वाचत गेली, मान हलवत गेली, कुठे कुठे ओठ चावला. चांगलं या रकान्यात एकच ओळ होती, दोनदा खोडून पुन्हा लिहिलेली: 'जेवायची आठवण झाली नाही.'

पोरीने ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "आई, काही उरलंय का?" आणि त्या दिवशी बाप-लेक संध्याकाळी साडेपाचला दुपारचं जेवले.

खेळ घेतला हो कंपनीने. पोरीने तेवीसच्या तेवीस दोष दुरुस्त केले, सहा महिने लागले. पण बोलता बोलता तिच्याकडून कळल्यावर कंपनीने तो कागदही मागून घेतला आणि विचारलं, हे तपासनीस कोण, आमचे आणखी दोन गेम त्यांनी बघावेत. काका फुशारले. नवं पेन आणलं. आता गेले तीन आठवडे बसलेत, आणि तुम्हाला सांगतो, ते दोन्ही गेम इतके निर्दोष आहेत, नकाशा बरोबर, पिशवी मोठी, लिफ्ट अगदी नियमाप्रमाणे, की वाईटच्या रकान्यात लिहायला एक अक्षर सापडत नाही... आणि दर अर्ध्या तासाने काकूंना येऊन त्यांना हलवून जागं करावं लागतं.