दोनशे ब्याऐंशीवं शिखर

दरीच्या तोंडाशी बसची वाट पाहत होतो. शेजारी चिखलाने माखलेलं म्हातारं जोडपं. तिने एक बूट काढून ठेवला होता.

"इशबेल, आता तरी बोल. स्कॉटलंडातली तीन हजार फुटांवरची सगळी शिखरं झाली माझी. दोनशे ब्याऐंशी!"

"तुझी झाली."

"तुझा गुडघा धरला, त्याला मी काय करू? आजच्या पाचातली तीन केलीस की."

"तासाभरात येतो म्हणालास, डूगल्ड. तीन तास खिंडीत धुक्यात कुडकुडत बसले मी."

"तुझ्यासाठी थांबलो असतो तर शेवटचं राहिलं असतं."

"शेवटचं शिखर आपल्या माणसांना घेऊन चढतात. वर व्हिस्की उघडतात."

"बाटली आणायची राहिलीच बघ."

"माझ्या पाठीवर होती. पेल्यांसकट."

"अगं, मग सांगायचंस ना!"

"वर गेल्यावर सांगणार होते. कोणी होतं तिथे?"

"एक जण होता, कुत्रं घेऊन आलेला. फोटो काढला त्याने. म्हणाला, एकटेच आलात?"

"मग?"

"हो म्हटलं. सगळं रामायण कुठे सांगत बसू?"

तिने पिशवीतून बाटली काढली, बूच फिरवलं आणि माझ्याकडे वळली.

"घोटभर घेणार का हो? पेले दोनच आहेत."