दातपरीचे पाच डॉलर

मी काय चोर आहे का हो? नाही, तुम्हीच सांगा! अठरा वर्षं इथे अमेरिकेत, डुलुथमध्ये टायर बदलतोय, गिऱ्हाइकाच्या गाडीत सांडलेली चिल्लरसुद्धा कधी खिशात घातली नाही... आणि आज स्वतःच्या घरात, आठ वर्षांच्या पोरीसमोर मान खाली घालून पॅनकेक गिळायची वेळ!

तुम्हाला सांगतो, सगळं त्या शाळेच्या यादीपासून सुरू झालं. परवापासून आमची मेबल तिसरीत जाणार. यादी अशी, की वाचता वाचता मला धाप लागली. गोंदाच्या चोवीस कांड्या! चोवीस! पोरगी शिकणार आहे की शाळेच्या भिंती चिकटवणार आहे? शिवाय टेनिसचे बारा बॉल... खेळायला नाही हो, खुर्च्या सरकताना करकरू नयेत म्हणून त्यांच्या पायांना बसवायला! कार्ड घासून घासून गुळगुळीत झालं. त्यात आमच्या लेकीला लुकलुकत्या दिव्यांचं दप्तर हवं. म्हटलं, "बयो, त्याचे पैसे तुझे तू साठव." बिचारीने उन्हाळाभर शेजाऱ्यांची कुत्री फिरवून बरणीत एकतीस डॉलर जमवले.

आणि नेमका काल तिचा दात पडला. आता दात पडला म्हणजे तो उशीखाली ठेवायचा, पोर झोपलं की दातपरी येणार, दात नेणार, पैसे ठेवणार. परी म्हणजे कोण? अहो, मी! एवढं पोट घेऊन! आणि परीच्या खिशात दमडी नाही. हल्ली रोख असते कुणाकडे? आमची नोरीन, बायको माझी, म्हणते, "एल्डन, उशीखाली काय कार्ड सरकवणार आहेस? काहीतरी कर बाबा, पोरीचा विश्वास आहे!"

म्हणून बरणीतले पाच काढले. उसने हो! शुक्रवारी पगार झाला की गुपचूप परत टाकणार होतो. मी काय चोर आहे का?

सकाळी पोरगी नाचत आली. "परीने पाच दिले! परीने पाच दिले!" पाच बरणीत टाकले आणि मोजायला बसली... एकदा मोजले. दोनदा मोजले.

"डॅडी, एकतीस अधिक पाच किती?"

आणि या बेरजा उन्हाळाभर तिच्या डोक्यात कोंबल्या कुणी? मीच! तिसरीची तयारी!

"छत्तीस," म्हटलं.

"मग हे एकतीसच कसे?"

नोरीन सिंकमध्ये तोंड घालून भांडी घासतेय, मदतीला येईल तर शपथ! मी तोंड उघडलं, खरंच सांगतो, सगळं कबूल करणार होतो... तेवढ्यात पोरीचे डोळे भरले. "परीने माझेच पैसे चोरून मलाच दिले! मेली चोरटी!"

आणि काय केलं असेल तिने? बरणी उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "डॅडी, ही तूच सांभाळ. मला आता फक्त तुझाच भरवसा आहे."

मार खाल्ला असता तरी परवडलं असतं. मी काय चोर... जाऊ द्या, आता कोणत्या तोंडाने विचारू?

बरं, एवढ्यावर सुटका आहे का? डोळे पुसून कानाशी आली आणि म्हणाली, "डॅडी, माझा दुसरा दातही हलतोय. तो पडला ना, की आपण दोघं जागायचं आणि तिला रंगेहाथ पकडायचं!"

म्हटलं, "हो बाळा, पकडू." काय करता? आता मला पकडायला मलाच जागायचंय!